पिन घातली का?

दिवाळी सरली की आमच्या रहिमतपूरचे रस्ते लांब होतात. मैलाचे दगड जागचे हलत नाहीत. पण साताऱ्याला जायला किती वेळ लागेल असं विचारलं, तर जाणता माणूस मिनिटांत उत्तर देत नाही. तो म्हणतो, "वाटंत ट्रॉल्या किती गावत्यात त्यावर हाय." गळीत हंगाम सुरू झालेला असतो. कोणाचा ऊस मसूरच्या रस्त्यानं यशवंतनगरच्या सह्याद्री कारखान्याला, कोणाचा कोरेगावच्या अंगानं चिमणगावच्या जरंडेश्वरला, कोणाचा शेंद्र्याच्या अजिंक्यताऱ्याला निघालेला असतो. पुढं ट्रॅक्टर, त्यामागं एक ट्रॉली, तिच्यामागं दुसरी ट्रॉली आणि तिच्यामागं आपण. आपल्याला ट्रॅक्टर दिसत नाही, दिसतो तो नुसता ऊस. वावरच उठून कारखान्याकडं चालू लागलंय असं वाटतं. गाण्यांचा दणदणाट तेवढा पुढून ऐकू येतो. वाजंत्री ऐकू येते पण नवरदेव दिसत नाही, अशा वरातीत आपण फटफटीवरून सामील झालेले असतो.

अशा वेळी समोर बघत राहण्याखेरीज करण्यासारखं काही नसतं. मी पडलो निवृत्त मराठी शिक्षक. आधी ट्रॉलीच्या फाळक्यावरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढून होतात. ‘आशीर्वाद’ हा शब्द ऊस वाहतुकीत बरोबर लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही. त्या चुका संपल्या की नजर खाली घसरते. वळणावर दोन ट्रॉल्यांमधली फट क्षणभर दिसते. तिथं एक लोखंडी दांडा असतो, दांड्याला भोक असतं आणि भोकात एक पिन असते. मागचा दहा-बारा टन ऊस त्या वीतभर लोखंडाच्या भरवशावर चाललेला असतो. मी फटफटीचा वेग कमी करतो आणि रामरक्षा सुरू करतो.

जोडणी हा तसा माझा हातखंडा विषय. तेहेतीस वर्षं मी पोरांना संधी, समास आणि जोडाक्षरं शिकवली. दोन अक्षरं जोडायची तर पहिल्याचा पाय मोडावा लागतो, हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं आहे की, एका पालकानं माझ्याविरुद्ध तक्रार करण्याचा विचार केला होता. पण अक्षर जोडताना चुकलं तर अर्धा गुण जातो. ट्रॉली जोडताना चुकलं तर काय काय जातं, हे मला निवृत्तीनंतर माझ्या थोरल्या चुलतभावाकडून शिकावं लागलं. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. ज्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर आला नाही, त्या दिवशी ते घरी येऊन म्हणाले, "मास्तर, चला. ट्रॉली जोडायचीय. तुमाला काय करायचं न्हाय, निस्तं हुबं ऱ्हायचं." 

ट्रॉली जोडताना नुसतं उभं राहणं हेच सगळ्यात धोक्याचं काम असतं, हे मला नंतर कळलं.

ट्रॅक्टर मागं घ्यायचा, ट्रॉलीचा दांडा उचलून धरायचा, ट्रॅक्टरच्या हुकाच्या दोन पट्ट्यांमध्ये तो सरकवायचा, तिन्ही भोकं एका रेषेत आणायची आणि वरून पिन सोडायची. सांगायला दोन ओळी. प्रत्यक्षात तात्या ट्रॅक्टर मागं घेत होते, मी विटांवर टेकवलेल्या दांड्याशी उभा होतो आणि गल्लीतली सात-आठ माणसं कामधंदा सोडून मार्गदर्शनाला आली होती. नाटककार वसंत कानेटकरांचं हे जन्मगाव असल्यामुळं असेल, पण प्रेक्षक जमवायला आमच्याकडं तिकीट लावावं लागत नाही. सगळे एका सुरात म्हणत होते, "यिऊ द्या, यिऊ द्या, यिऊ द्या..." मागून सूचना देणाऱ्या माणसाची एक खासियत मी आयुष्यभर बघत आलो आहे. ‘येऊ द्या’ तो आदळेपर्यंत म्हणतो आणि ‘थांबा’ आदळल्यावर म्हणतो. तसंच झालं. दांडा विटांवरून निसटला. माझी पावलं त्या जागी नव्हती, याचं श्रेय मला नाही. मी नेमका शिंक आली म्हणून बाजूला झालो होतो. 

तात्या खाली उतरले. मला वाटलं विचारपूस करतील. ते म्हणाले, "मास्तर, ट्रॅक्टर आन् ट्रॉलीच्या मधी कंदी हुबं ऱ्हायचं न्हाय. बाजूला, मला दिसल असं हुबं ऱ्हायचं. आन् एकच मानूस बोलंल. बाकीच्यांनी तोंड मिटायचं." हा नियम विधानसभेपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत कुठंही लागू पडावा इतका चांगला आहे, अडचण एवढीच की, तो आदळल्यावर सांगितला जातो.

दुसऱ्या खेपेला दांडा हुकात बसला. आता भोकं जुळली का हे बघायचं होतं. मी सहज वाकलो आणि बोट घालून चाचपायला गेलो. तात्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की ते दोन दिवस दुखत होतं. "बोट घालू नगा! इंजान चालू हाय. वीतभर सरकला तर बोट ऱ्हाईल हुकात आन् तुमी घरी." मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची तर्जनी दाखवली. तिला नख नव्हतं. तात्यांचा अधिकार कुठून आला ते मला समजलं. 

भोकात बोट घालण्याची परंपरा आपल्याकडं जुनी आहे. कीर्तनकार सांगतात, रणात दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निसटली, तेव्हा शेजारी बसलेल्या कैकेयीनं खिळीच्या जागी स्वतःचं बोट घातलं आणि रथ सावरला. राजानं खूश होऊन दोन वर दिले. त्या दोन वरांचं पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मी वर्गात ही कथा कैकेयीच्या धैर्याचं उदाहरण म्हणून सांगत असे. ट्रॅक्टरच्या हुकाशी उभा राहिल्यावर मला तिचा दुसरा अर्थ लागला. रथ चक्रवर्ती राजाचा, घोडे जातिवंत, सारथी निष्णात, आणि जादा खीळ कोणी सोबत घेतली नव्हती. तेवढ्यावरून एक वनवास, एक अपहरण आणि एक महायुद्ध.

ओढणाऱ्याकडं सगळे बघतात, जोडाकडं कोणी बघत नाही. नवा ट्रॅक्टर दारात आला की गाव जमतं, हार घालतं, पेढे खातं आणि एकच प्रश्न विचारतं, "किती एचपी?" पिन केवढी आहे, तिला क्लिप आहे का, हे विचारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ट्रॅक्टर या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थच ओढणारा. ओढण्यातच त्याचा सगळा मान.

रहिमतपूरला तर ओढण्याचा इतिहासच आहे. आदिलशाहीतल्या रणदुल्लाखानाचा मकबरा आमच्या गावात आहे. तिथून जवळच हत्तीच्या बळावर पाणी वर खेचण्यासाठी बांधलेला मनोरा होता. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरात त्याची नोंद आहे. हत्ती चालायचा आणि पाणी वर यायचं. बाकीचा महाराष्ट्र बैलाच्या मोटेवर समाधान मानत होता तेव्हा आम्ही मोटेला हत्ती जुंपला होता. आजही दोन ट्रॉल्यांवर समाधान न मानता तिसरी जोडता येईल का असा विचार करणारे लोक गावात भेटतात, तो दोष त्यांचा नाही, मातीचा आहे. माझ्या मनात मात्र त्या हत्तीच्या माहुतापेक्षा दोर बांधणारा माणूस येतो. गॅझेटिअरात हत्ती आहे. दोराची गाठ कोण तपासत होतं, ते कोणीच लिहून ठेवलेलं नाही. 

तर पिन. तात्यांच्या ट्रॅक्टरला कंपनीची पिन होती. ती पहिल्याच वर्षी हरवली. तिच्या जागी आजवर लोखंडी पहार, नांगराचा बोल्ट, मोठा स्क्रूड्रायव्हर आणि एकदा मोडक्या खुरप्याची मूठ अशा अनेकांनी कार्यभार सांभाळला आहे. पिनच्या खालच्या टोकाला भोक असतं, त्यात स्प्रिंगची क्लिप बसवायची असते. ट्रॉली खड्ड्यात आदळली की पिन वर उडते. क्लिप तिला धरून ठेवते. क्लिप चहाच्या किमतीत मिळते. पण चहा रोज घेतला जातो आणि क्लिप कधीच घेतली जात नाही. तिच्या जागी तात्या बाइंडिंगची तार वापरत, तार नसेल तर सुतळी, आणि सुतळी नसेल तर श्रद्धा.

एका वर्षी श्रद्धेचा हंगाम चालला होता. तात्या शेणखताची ट्रॉली भरून मळ्यात निघाले. गावाबाहेर एक उंच स्पीडब्रेकर आहे. त्यावर ट्रॅक्टर उडाला, मागं ट्रॉली उडाली आणि पिनही उडाली. पुढं चढ होता. ट्रॅक्टर चढून गेला, ट्रॉली चढाच्या पायथ्याशी थांबली. हे सगळं सुज्ञपणे आणि कोणालाही न दुखवता घडलं, म्हणून आज हसून सांगता येतं. 

कुणीही विचारेल, दोन-अडीच टन ओझं पाठीवरून उतरलेलं माणसाला कळत नाही का? तात्यांना कळलं होतं. त्यांना जाणवलं की ट्रॅक्टर आज हलका चाललाय. ते मनातल्या मनात मिस्त्रीवर खूश झाले. "पंप झ्याक बांधलाय बेण्यानं," असं ते मोठ्यानं म्हणालेही, पण गाण्याच्या आवाजात ते त्यांनाच ऐकू आलं नाही. मळ्यात पोचले, ट्रॅक्टर बंद केला, उतरले, फाळका सोडायला मागं गेले आणि बघतात तर फाळकाच नाही. फाळका नाही, ट्रॉली नाही आणि खतही नाही. ते मला नंतर म्हणाले, "मास्तर, मला वाटलं मी घरनंच ट्रॉली जोडून आनली न्हवती."

परत येऊन बघतात तर ट्रॉली जागेवर होती, पण रिकामी. शेजारच्या पट्ट्यात चार माणसं खत पांगवून पाय धूत बसली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. सकाळी सकाळी वावराच्या कडेला कोणी भरली ट्रॉली सोडून गेला, म्हणजे देवच पावला. आता देवाचा प्रसाद परत मागायचा कसा? त्या वर्षी त्या पट्ट्यात आलं असं काही पोसलं की बघत राहावं. आमच्या कोरेगाव तालुक्याचं आलं तसंही चांगलंच येतं, पण त्या साली तात्यांच्या दारावरून बाजाराला गेलेल्या प्रत्येक पोत्याकडं बघून वहिनी म्हणायच्या, "आपली क्लिप चालली बगा."

दुसरी गोष्ट वजनाची. दोनचाकी ट्रॉली भरताना माल मागं जास्त झाला तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. माल पुढं जास्त झाला तर दांड्याचा सगळा भार हुकावर येतो, ट्रॅक्टरचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं अधांतरी होतात. ट्रॅक्टर वळवायचा पुढच्या चाकांनी आणि ती तर हवेत. मग ट्रॅक्टर आपल्याला वाटेल तिकडं न जाता त्याला वाटेल तिकडं जातो. चढावर याला ‘ट्रॅक्टर उभा राहिला’ म्हणतात आणि उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. तिथं विनोद संपतो.

जोडाची उंची चुकली तरी ट्रॅक्टर असाच उभा राहतो. साखळी किंवा दोर ट्रॅक्टरला उंचावर, मागच्या आसाच्या वर बांधला आणि मागची वस्तू हलली नाही, तर इंजिन आपली ताकद ट्रॅक्टरलाच आसाभोवती मागं उलथवण्यात खर्च करतं. हुक आसाच्या खाली दिलेला असतो तो शोभेसाठी नव्हे. पूर्वी नांगराला दगड आडवा आला की ट्रॅक्टर असेच मागं उलटत. यावर उपाय शोधला आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी. नांगर मागं नुसता ओढत नेण्याऐवजी तीन ठिकाणी ट्रॅक्टरलाच जोडायचा, म्हणजे तो अडकला तरी पुढची चाकं जमिनीवर राहतात. मॅसी फर्ग्युसन हे नाव आमच्याकडं घरोघरी माहीत आहे, त्यातला फर्ग्युसन तो हाच. 

या जोडणीतज्ज्ञाची पुढची गोष्ट मला फार आवडते. १९३८ साली त्यांनी आणि हेन्री फोर्ड यांनी एकत्र ट्रॅक्टर काढायचं ठरवलं. करार काय केला? नुसते हात मिळवले. कागद नाही, सही नाही. म्हातारे फोर्ड बाजूला झाले, नातवानं कारभार हातात घेतला आणि १९४७ मध्ये संबंध तोडला. फर्ग्युसन कोर्टात गेले. १९५२ मध्ये सुमारे साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. ज्या माणसानं जगाला सुरक्षित जोडायला शिकवलं, त्यानं स्वतःच्या कराराला क्लिप लावली नव्हती. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी तोबी आपल्यातलाच की."

आमचा भाचा टेक्सासला असतो. तिकडं लोक सुट्टीत मोठ्या पिकअप गाडीला घर बांधून फिरायला जातात, किंवा होडी बांधून तळ्यावर. भाच्यानंही एक घर भाड्यानं घेतलं आणि व्हिडिओ कॉलवर ते जोडून दाखवलं. तिकडं हुकावर लोखंडाचा गोळा असतो आणि ट्रेलरचा दांडा त्यावर टोपीसारखा बसतो. भाचा हातात यादी घेऊन एकेक काम करत होता. गोळ्याचं माप दांड्याच्या मापाशी जुळतं का ते बघितलं. दांडा बसवून कडी लावली, कडीत पिन घातली. मग दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना फुली मारून अडकवल्या, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल. मग दिव्यांची वायर जोडली, आणि बायकोला मागं उभं करून ब्रेकचा दिवा, डावा दिवा, उजवा दिवा तपासला. शेवटी एक बारीक तार गाडीला अडकवली. ट्रेलर सुटला तर ही तार ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

"ट्रॉलीला ब्रेक असतो?" तात्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा कोणीतरी बैलाला चष्मा असतो म्हणून सांगितल्यासारखा झाला होता.

भाचा उत्साहानं पुढं म्हणाला, "मामा, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला पाहिजे. कमी आला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवल्यासारखा डुलायला लागतो, जास्त आला तर गाडीचं नाक वर होतं. इथं यावर पुस्तिका देतात."

तात्या माझ्याकडं वळले. "म्हंजी गाडी उलाळबी नगं आन् बैलाच्या मानंवर वजाबी नगं. ह्ये सांगाया पुस्तिका?" आणि मग जवळजवळ अर्धा तास ते बैलगाडीबद्दल बोलत राहिले. पेंढ्या कुठून भरायला घ्यायच्या, जू वर उचललं तर शिवळा बैलाच्या गळ्याला कशा लागतात, उतारावर गाडीवानानं मागं का सरकायचं आणि चढावर पुढं का यायचं. गाडीवान स्वतःचंच वजन हलवून तो दहा ते पंधरा टक्क्यांचा हिशेब जुळवत होता. उलाळ हा शब्द मी शब्दकोशात वाचला होता. त्यातलं भौतिकशास्त्र त्या दिवशी कळलं. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला आणि आम्ही बैलांबरोबर अक्कलही विकली. बैल मान टाकून सांगायचा की ओझं चुकलंय. ट्रॅक्टर काही सांगत नाही, तो एकदम उभा राहतो.

जोडून झाल्यावर रिव्हर्स. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडं फिरवायचं आणि ट्रॉली वळली की लगेच तिच्या मागं जायचं. हे वाक्य मी सहा वेळा वाचलं, तीन वेळा लिहून काढलं आणि ट्रॅक्टरवर बसताच विसरलो. ट्रॉली मला नको त्या बाजूला वळली, मी आणखी फिरवलं, ती आणखी वळली आणि शेवटी ट्रॅक्टर आणि ट्रॉली काटकोनात एकमेकांकडं रागानं बघत उभे राहिले. मग ड्रायव्हरनं युक्ती सांगितली. हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ट्रॉली ज्या बाजूला न्यायची, हात त्या बाजूला सरकवायचा. आणि हळू; जरा बिनसलं तर हट्ट न करता पुढं जाऊन सरळ करून पुन्हा मागं यायचं. मला हे जमलं. जोड ट्रॉलीचा रिव्हर्स मात्र कोणाला जमताना मी पाहिलेला नाही. म्हणूनच दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला ड्रायव्हर अरुंद पुलावर समोरून कोणी आलं तर मागं हटत नाही. लोक त्याला अरेरावी समजतात. ती अरेरावी नसते, भूमिती असते.

आता ब्रेक. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायटे असतात, डाव्या चाकाचा एक आणि उजव्या चाकाचा एक. वावरात सरीच्या टोकाला जागच्या जागी वळायला ते उपयोगी पडतात. रस्त्यावर येताना दोन्ही पायटे कडीनं एकत्र जोडायचे असतात. नाहीतर घाईत पाय एकावरच पडला की एकच चाक थांबतं, ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि मागचा ऊस सरळ जात राहतो. दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर आणि मागं वीसेक टनांचं ओझं. ओढायला घेतलं तर हे ओझं सुनेसारखं मुकाट मागं येतं; उतारावर मात्र सासूसारखं ढकलू लागतं. वर्धनगडच्या घाटातून उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे बहाद्दर आहेत. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. न्यूट्रलमध्ये वाचलेलं डिझेल दवाखान्यात जाताना उपयोगी पडतं, असं तात्या म्हणतात.

ट्रॉलीला ब्रेक नाही, म्हणून थांबताना चाकाखाली दगड लावतात. ते योग्यच आहे. पण चहा पिऊन ट्रॉली निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतो. माझ्या फटफटीनं अशा दगडांची फार जवळून ओळख करून घेतली आहे. रात्री आणखी एक गंमत. दोन ट्रॉल्यांच्या वरातीला लाखांची रोषणाई ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला असते. टपावर रंगीत दिवे, स्पीकरवर नाचणारे दिवे. आणि पाठीमागं, जिथं आपण आहोत, तिथं मिट्ट अंधार आणि उसाचे बाहेर आलेले शेंडे. गळीत सुरू झालं की रिफ्लेक्टरचं लाल कापड मागं बांधायच्या मोहिमा निघतात, तेवढ्यापुरता दिवाळीनंतरचा तो एक आकाशकंदील. काही दिवसांनी त्यावर धूळ बसते, किंवा पाचट लोंबतं आणि कापड झाकून जातं. धूळ पुसायला फडकं लागतं. फडकं स्पीकर पुसायला वापरलेलं असतं.

या बाबतीत मला आमचं रेल्वे स्टेशन आवडतं. पुणे-मिरज मार्गावर आमचं रहिमतपूर आहे. तिथं गाडी निघून गेली तरी स्टेशन मास्तर आत जात नाहीत. शेवटच्या डब्यामागं ‘एलव्ही’ अशी पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली, मधेच तुटून अर्धी मागं राहिलेली नाही. पाटी दिसली नाही तर पुढचा सगळा कारभार थांबतो. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांचा अनुभव असलेली रेल्वे रोज, प्रत्येक गाडीला, प्रत्येक स्टेशनात एकच प्रश्न विचारते: मागचं आहे ना मागं? आणि आमचे तात्या तो प्रश्न मळ्यात पोचल्यावर विचारतात.

परवा मी त्यांना तसं बोलून दाखवलं. ते हसले आणि मला ट्रॅक्टरजवळ घेऊन गेले. हुकात नवी, जाड पिन होती. खालच्या भोकात चकचकीत क्लिप. पिनेला बारीक साखळी, म्हणजे ती हरवायला नको. शेजारी दोन साखळ्या फुली मारून दांड्याला अडकवलेल्या. आणि टपाखालच्या डब्यात एक जादा पिन, दोन जादा क्लिपा.

"भाच्यानं पाठवलं का?" मी विचारलं.

"न्हाय. तुमच्या वहिनीनं बाजारातनं आनलं. म्हनली, एकदा खत ग्येलं, पुढच्या टायमाला तुमीच जाल."

तर वाचकहो, यंदा हंगामात तुमचा ट्रॅक्टर असेल तर चावी फिरवण्याआधी एकदा खाली उतरून मागं जा. पिन बघा, क्लिप बघा, साखळी बघा, ब्रेकचे पायटे जोडलेत का बघा, मागचं लाल कापड पुसा आणि निघताना चाकाखालचा दगड उचलून कडेला टाका. दोन मिनिटांचं काम आहे. आणि तुमचा ट्रॅक्टर नसेल, तुम्ही माझ्यासारखेच मागं फटफटीवर असाल, तर अंतर ठेवा. क्लिप घेतली की नाही, हे आपल्याला मागून दिसत नाही.